याकोब मारला गेला, पेत्र सुटला : ख्रिस्ती श्रद्धेतला चमत्कार आणि देवाची सत्ता

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक माणूस एका ओळीत संपतो. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. बस्स. येशूच्या अगदी आतल्या गोटातल्या तिघांपैकी हा एक. पण त्याच्या मृत्यूला ना प्रसंग, ना संवाद, ना कुणाचं रडणं.

लोकांना हे रुचलं असं दिसल्यावर राजा पेत्रालाही पकडतो, आणि इथून या पुस्तकाचा लेखक लूक याची लेखणी एकदम सैल सुटते. पहाऱ्यावर चार-चार शिपायांच्या चार तुकड्या. दोन शिपायांच्या मध्ये दोन साखळ्यांनी जखडलेला पेत्र. दुसऱ्या दिवशी त्याला लोकांपुढे उभं करायचं ठरलेलं, आणि हा गडी गाढ झोपलेला. देवदूत येतो, त्याला कुशीत ढोसून उठवतो आणि आई शाळेत जाणाऱ्या पोराला सांगते तशा सूचना देतो : कंबर बांध, वहाणा घाल, अंगावर वस्त्र घे. साखळ्या गळून पडतात. शहराकडचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र ओळखीच्या घरी येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची मोलकरीण त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आत सगळे पेत्रासाठीच प्रार्थना करत बसलेले. तो दाराशी उभा आहे असं तिने सांगितल्यावर ते म्हणतात, ‘तुला वेड लागलंय.’ (इथे वाचणाऱ्याला हसू आलं तर लूकची हरकत नसावी.)

याकोबासाठी कुणी प्रार्थना केली नसेल का? केलीच असणार. मग पेत्र देवाचा जास्त लाडका होता का? तसं लूक सुचवतही नाही. राजा तोच, शहर तेच, दोघेही येशूचे शिष्य. एकाच्या वाट्याला तलवार आली, दुसऱ्याच्या वाट्याला देवदूत. का, ते सांगण्याच्या फंदात लूक पडत नाही.

चमत्काराबद्दलचे आपले वाद बहुतेक वेळा ‘असं घडू शकतं का?’ इथेच घुटमळतात. ख्रिस्ती विचाराच्या आत शिरलं की हा प्रश्न तुलनेने सोपा वाटायला लागतो. ज्याने विश्व घडवलं त्याला एक दरवाजा उघडणं काय अवघड? खरी अडचण पुढे आहे : तो उघडू शकत असेल, तर याचा उघडला आणि त्याचा का नाही?

देव कुठे असतो?

‘देवाचं सार्वभौमत्व’ हा जड शब्द ख्रिस्ती प्रवचनांत वारंवार येतो. त्याचा साधा अर्थ असा : जे काही आहे ते देवाने निर्माण केलं, ते क्षणोक्षणी त्याच्यामुळेच टिकून आहे आणि शेवटी ते त्याच्या हेतूकडेच जाणार आहे. त्याच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही. नवस, मंत्र, पुण्याई, यातल्या कशानेही त्याला बांधून घेता येत नाही.

यातला मधला भाग लोकांच्या नजरेतून निसटतो. देवाने जग बनवलं आणि मग तो बाजूला झाला, असं ख्रिस्ती धर्म मानत नाही. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की सर्व काही ख्रिस्ताच्या ठायी एकत्र टिकून आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, तुमचा स्वर्गातला पिता सज्जन-दुर्जन दोघांवरही सूर्य उगवतो. एक चिमणीसुद्धा त्याच्या इच्छेवाचून भुईवर पडत नाही. म्हणजे रोजचा सूर्योदय हेही देवाचंच काम. तो रोज होतो म्हणून कमी देवाचा ठरत नाही.

मुंबईतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतात. नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये आणतात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. बहुतेक गावठाणांची शेतं कधीच इमारतींखाली गेली, तरी पेंढी कुठून तरी मिळवली जाते. ज्यांनी पिढ्यानपिढ्या भात लावला त्या लोकांचा हा सण. बियाणं कोणतं, पाऊस कधी लांबला, खत किती घातलं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. तरी पीक ‘देवाने दिलं’ म्हणताना त्यांची जीभ अडखळत नाही. ऐंशी टक्के पावसाने आणि वीस टक्के देवाने, असा हिशेब कुणी मांडत नाही.

तेराव्या शतकातला थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने नेमकी हीच गोष्ट तर्काच्या भाषेत मांडली. घटनेचा काही भाग निसर्गाचा आणि उरलेला देवाचा, अशी वाटणी करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. संपूर्ण घटना निसर्गाची आहे आणि संपूर्ण घटना देवाचीही आहे. फक्त दोघांची पातळी वेगळी : देव मूळ कारण, निसर्ग दुय्यम कारण. आग खरोखरच जाळते. पण आगीला आग म्हणून टिकवून धरणारा देव आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की चमत्काराचं चित्र पालटतं. देव एरवी दूर कुठेतरी बसलेला असतो आणि मधूनच खाली उतरून ढवळाढवळ करतो, असं ते राहत नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन काना गावच्या लग्नाबद्दल बोलताना म्हणाला होता की ज्याने त्या दिवशी रांजणातल्या पाण्याचा द्राक्षारस केला, तोच दरवर्षी वेलीतून पावसाच्या पाण्याचा द्राक्षारस करतो. वेलीचं आपल्याला नवल वाटत नाही, कारण ते रोजचं झालंय. त्याच्या मते चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसतो; आपल्याला निसर्ग जेवढा ठाऊक आहे, त्याच्या विरुद्ध असतो.

घड्याळ आणि किल्ली

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात निसर्गाचे नियम गणिताने मांडले जाऊ लागले, तेव्हा हा जुना विचार अडचणीत आला. विश्व यंत्रासारखं नियमाने चालत असेल तर देवाला काम काय उरलं? 1715-16 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स आणि न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क यांच्यात यावर पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. न्यूटनचं म्हणणं होतं की ग्रहांची व्यवस्था कालांतराने बिघडू शकते आणि तिला दुरुस्ती लागेल. लायब्निट्सने खिल्ली उडवली : म्हणजे तुमच्या देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागते! क्लार्कचं उत्तर मला जास्त धारदार वाटतं. राजाची गरजच लागत नाही असं राज्य हा राजाचा गौरव नाही, असा त्याचा रोख होता. जग देवाविना आपोआप चालतं म्हणणारे शेवटी देवाला जगाबाहेर घालवतात.

गंमत म्हणजे दोघेही श्रद्धावान होते आणि दोघेही देवाच्याच मोठेपणासाठी भांडत होते.

मग 1748 मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने चमत्कारांवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचं उल्लंघन, अशी त्याने व्याख्या केली. निसर्गनियमाच्या बाजूने सगळ्या मानवजातीचा अनुभव उभा असतो, चमत्काराच्या बाजूने काही थोड्या लोकांची साक्ष. मग ती साक्ष खोटी किंवा चुकीची असणं हे चमत्काराहूनही अशक्य वाटेल, तेव्हाच चमत्कार मानावा. आणि अशी साक्ष आजवर मिळालेली नाही, असा त्याचा निष्कर्ष.

ख्रिस्ती विचारवंत ह्यूमला उत्तर देताना बऱ्याचदा व्याख्येवर हल्ला चढवतात. नियम म्हणजे देवाची नेहमीची रीत; ती त्याने स्वतःच घातली आहे, तर वेगळं काही करताना तो मोडतो तरी कुणाचा कायदा? उत्तर चांगलं आहे, पण ते अर्धंच आहे. ह्यूमचा दुसरा मुद्दा पुराव्याचा आहे आणि व्याख्या बदलून तो हलत नाही. ‘देव करू शकतो’ आणि ‘देवाने अमुक दिवशी अमुक ठिकाणी केलं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं मान्य केलेला माणूसही दुसऱ्याबद्दल साशंक राहू शकतो. श्रद्धावानाने तर राहायलाच हवं, असं माझं मत आहे.

अंजिरांचं पोटीस

इंग्लंडच्या संसदेने वेस्टमिन्स्टर इथे बसवलेल्या धर्मपंडितांनी 1646 मध्ये एक विश्वासपत्र, म्हणजे आपल्या श्रद्धेचं अधिकृत निवेदन, पूर्ण केलं. प्रोटेस्टंटांच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत ते आजही पायाभूत आहे; मुंबईत विल्सन कॉलेजचा पाया घालणारे डॉ. जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेतून आले. त्यात एक वाक्य आहे, जे या सगळ्या विषयाचं सार म्हणून चालेल. देव आपल्या नेहमीच्या व्यवस्थेत साधनांचा वापर करतो. तरीही साधनांवाचून, साधनांच्या पलीकडे आणि साधनांच्या विरुद्ध काम करायला तो मोकळा आहे.

‘साधनं’ म्हणजे औषध, पाऊस, डॉक्टर, शेजारी, आपले हातपाय. बायबल या साधनांकडे किती सहजपणे पाहतं, हे हिज्कीया राजाच्या गोष्टीत दिसतं. राजा मरणाच्या दारात आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करतो. देव यशया संदेष्ट्याकरवी सांगतो, मी तुला बरं करीन, तुझ्या आयुष्यात आणखी पंधरा वर्षं घालीन. आणि लगेच यशया काय करतो? अंजिरं आणायला सांगतो आणि गळवावर त्यांचं पोटीस बांधवतो. वचन देवाचं, वर पंधरा वर्षांची हमी, तरी पोटीस लागलंच. लाल समुद्र दुभंगला त्या रात्रीचं वर्णनही बघा : परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवून समुद्र मागे हटवला. वारा आहे म्हणून लेखकाला चमत्कार उणा वाटला नाही.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. अब्राहाम आणि सारा यांना म्हातारपणी मूल होतं. राजाच्या मूर्तीला नमायला नकार दिला म्हणून भट्टीत टाकलेल्या तिघांच्या केसालाही आच लागत नाही. पण बायबलात असे प्रसंग वाटतात तितके पसरलेले नाहीत. मोशेचा काळ, एलीया-अलीशा या संदेष्ट्यांचा काळ, मग येशू आणि प्रेषित, अशा काही टप्प्यांवर त्यांची दाटी होते. मधली शतकं माणसं पेरतात, कापतात, लढतात, मरतात. योसेफाच्या लांबलचक कथेत स्वप्नं सोडली तर एकही चमत्कार नाही. भाऊ त्याला विकतात, खोटा आळ येतो, तो तुरुंगात सडतो आणि शेवटी मिसरचा कारभारी होऊन त्याच भावांना दुष्काळात जगवतो. मग म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. देवाची सत्ता समजून घ्यायला मला ही कथा कुठल्याही चमत्कारापेक्षा जास्त उपयोगी वाटते.

भावांनी वाईट केलं ते त्यांच्या इच्छेने की देवाच्या योजनेने? इथे ख्रिस्ती पंथांची जी जुंपली ती आजतागायत मिटलेली नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांनी देवाच्या निर्णयावर भर दिला, डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी माणसाच्या स्वातंत्र्यावर. 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेने आर्मिनियसवाद्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. कॅथलिकांतही जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन संन्यासी संघांत हाच वाद पेटला. रोममध्ये वर्षानुवर्षं बैठका झाल्या आणि 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच त्या गुंडाळल्या : दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, एवढंच. इतका शहाणा निकाल धर्माच्या इतिहासात क्वचितच लागला असेल.

मग प्रार्थनेचं काय? सगळं ठरलेलंच असेल तर मागायचं कशाला? अक्वायनसने यावर दिलेलं उत्तर दोन्ही बाजूंचे लोक वापरतात. आपण देवाचा बेत बदलायला प्रार्थना करत नाही. जे प्रार्थनेतून मिळावं असं त्याने योजलंय, ते मिळावं म्हणून करतो. पीक यावं हे देवाच्या मनात असलं तरी पेरणी फुकट ठरत नाही. तशीच प्रार्थनाही त्या योजनेतलं एक कारण आहे.

पाच पडव्या, एक माणूस

जेरुसलेमच्या जुन्या शहरात सेंट अ‍ॅन चर्चच्या शेजारी उत्खननात निघालेलं एक जुनं तळं आजही पाहता येतं. योहानाच्या शुभवर्तमानातलं बेथेस्दा ते हेच, असं मानतात. योहान सांगतो, त्याला पाच पडव्या होत्या आणि त्यांत आंधळे, लंगडे, लुळे असे पुष्कळ लोक पडून असायचे. येशू तिथे येतो. अडतीस वर्षं आजारी असलेल्या एकाला विचारतो, ‘तुला बरं व्हायचंय का?’ तो माणूस होय-नाही म्हणत नाही, गाऱ्हाणं सांगतो : मला पाण्यात उतरवायला कुणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो. येशू म्हणतो, ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग. तो चालू लागतो. येशू गर्दीतून निघून जातो.

बाकीचे पुष्कळ लोक तिथेच राहिले.

हा माणूस त्यांच्यात सर्वांत श्रद्धाळू होता का? आपल्याला बरं करणारा कोण, हेही त्याला ठाऊक नव्हतं. विश्वास होता म्हणून चमत्कार झाला, हे सूत्र इथे लागूच पडत नाही. दुसरीकडे, नासरेथ या आपल्या गावी येशूला फारसे चमत्कार करता आले नाहीत आणि लोकांच्या अविश्वासाचं त्याला नवल वाटलं, असं मार्क लिहितो. विश्वासाला किंमत आहेच. पण तो गिरणीत टाकलेल्या धान्यासारखा नाही, की इकडून अमुक शेर घातला की तिकडून तेवढं पीठ पडलंच पाहिजे.

नासरेथमध्येच येशूने एक भाषण केलं, ज्याने गाव चवताळून उठलं. तो म्हणाला, एलीयाच्या काळात साडेतीन वर्षं दुष्काळ पडला तेव्हा इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या. पण एलीयाला पाठवलं ते सीदोन प्रांतातल्या सारफथच्या विधवेकडे. अलीशाच्या काळात कुष्ठरोगी पुष्कळ होते; शुद्ध झाला तो नामान, तोही सिरिया देशाचा. दोघेही परके. हे ऐकल्यावर लोकांनी त्याला गावाबाहेर काढलं आणि कड्यावरून लोटायला निघाले. त्यांना चमत्कार नको होता असं नाही. आपल्या गावच्या माणसावर आपला पहिला हक्क, असं त्यांना वाटत होतं आणि त्याने तो हक्कच नाकारला.

देवाची सत्ता आणि चमत्कार यांचं नातं मला याच प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसतं. ज्या सत्तेमुळे चमत्कार शक्य होतो, तीच सत्ता तो माणसाच्या हातातून काढून घेते. मागता येतं, वसूल करता येत नाही.

म्हणूनच ‘तुमचा विश्वास कमी पडला, म्हणून तुम्ही बरे झाला नाहीत’ हे काही सभांमधून ऐकू येणारं वाक्य मला क्रूर वाटतं, आणि बायबलाच्या कसोटीवरही ते टिकत नाही. प्रेषित पौलाच्या ‘देहात एक काटा’ होता. तो आजार होता की आणखी काही, यावर पंडितांचं एकमत नाही. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’; काटा तसाच राहिला. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी रोगी बरे होत, असं लूक लिहितो, तोच पौल पुढे एका पत्रात सहज कळवतो की आपला सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत शहरात सोडून आलो. तरुण सहकारी तीमथ्याला तो सांगतो, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. यांच्यापैकी कुणाचा विश्वास कमी होता म्हणायचं?

भट्टीपुढे उभ्या असलेल्या शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांचं उत्तर दानीएलाच्या पुस्तकात आहे. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, असं ते राजाला सांगतात आणि पुढे जोडतात : पण त्याने सोडवलं नाही, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्यांना सोडवलं गेलं. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना सोडवलं गेलं नाही. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारलं, त्यांत ते होते. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं आणि वसईत त्यांचा सण आजही होतो. वाचला तो आणि मेला तो, दोघांनाही चर्च एकाच वेदीवर आठवतं.

चौकशी, जागृती आणि कायदा

चमत्कार आजही होतात का, यावर पंथापंथांत फरक आहे. कॅथलिक चर्च होय म्हणतं, पण चौकशी करून. फ्रान्समधल्या ल्युर्ड गावी 1858 मध्ये बर्नादेत सुबिरू या मुलीला मरियामातेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. तिथे बरं झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले. त्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या थोडे वर. तिथे 1883 पासून वैद्यकीय कचेरी आहे. आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक आणि कायमचं होतं का, उपचारांनी त्याचा उलगडा होतो का, हे डॉक्टर तपासतात. ‘चमत्कार’ हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत. तो निर्णय बिशपांचा. आणि स्वतः बर्नादेत? दमा आणि क्षय यांनी पिडलेली ती नेव्हेरच्या मठात 1879 मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेली.

प्रोटेस्टंटांतल्या एका गटाचं मत असं की चमत्कार प्रेषितांची साक्ष पटवण्यापुरते होते आणि त्यांच्यानंतर ती दानं थांबली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे बेंजामिन वॉरफिल्ड यांनी 1918 मध्ये या मताची जोरदार बाजू मांडली. पेंटेकॉस्टल मंडळ्यांचं म्हणणं नेमकं उलट : आरोग्यदान, अन्य भाषा बोलणं, सगळं आजही चालू आहे. त्यांच्या इतिहासात 1906 च्या लॉस एंजेलिसमधल्या जागृतीला मोठं स्थान आहे; पण त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशीच जागृती झाली होती. मुली रात्रंदिवस प्रार्थना करत होत्या. आणि त्याच मुक्तीमध्ये शेती होती, छापखाना होता, विणकाम होतं. प्रार्थना केली म्हणून रमाबाईंनी कुणाला हात जोडून बसू दिलं नाही. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई त्यानंतर जेमतेम वर्षभर जगल्या. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

जिथे चमत्काराची आशा, तिथे तिचा बाजार मांडणारेही येतात, आणि हे कुठल्या एका धर्माचं नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं हा गुन्हा ठरवला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणंही त्यात येतं. काही श्रद्धावानांना हा कायदा आपल्यावर उगारलेला वाटतो. मला तसं वाटत नाही. प्रार्थना करायला कायदा आड येत नाही. पावती फाडायला येतो. कॅथलिक बायबलातल्या सिराखच्या पुस्तकात वैद्याचा मान राख, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केलंय, असं म्हटलंय. बेटा, आजारी पडलास तर प्रार्थना कर आणि मग वैद्यालाही जागा दे, असा तिथला सल्ला आहे. इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्या कोणत्याही उपदेशकाला हा अध्याय वाचायला द्यावा.

सर्वांत कठोर आक्षेप मात्र बाहेरून आला नाही. मॉरिस वाइल्स हे ऑक्सफर्डचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक, अँग्लिकन चर्चचे पाद्री. त्यांनी 1986 मध्ये विचारलं : देव खरंच मधूनमधून विशेष कृती करत असेल, तर ऑशविट्झ आणि हिरोशिमा थांबवायला एकही चमत्कार झाला नाही, हे विचित्र नाही का? त्यापुढे चर्च जे चमत्कार मिरवतं त्यांतले काही किती क्षुल्लक वाटतात! त्यांचं स्वतःचं उत्तर असं, की देव अशा सुट्या कृती करतच नाही. संपूर्ण जग घडवणं हीच त्याची एक अखंड कृती.

वाइल्स यांचं उत्तर बहुतेक ख्रिस्ती लोक स्वीकारत नाहीत, पण प्रश्न टाळणंही त्यांना जमत नाही. कुणी म्हणतं, देवाचा पूर्ण हिशेब आपल्यापुढे नाही. बायबलातल्या, निष्पाप असून दुःख भोगणाऱ्या ईयोबालाही तो दाखवला गेला नाही. हे खरं असेल, पण पोर गमावलेल्या आईला ते सांगायला जाऊ नये. कुणी क्रुसाकडे बोट दाखवतं. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः मागितलं, हा प्याला माझ्यावरून टळून जावो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नव्हे, तुझ्या. तो टळला नाही. दुसऱ्या दिवशी खाली उभे असलेले लोक टोमणा मारत होते : याने दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही. वाचवलं गेलं नाही अशांच्या रांगेत देव स्वतः उभा राहिला, असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणते. हे ‘का’चं उत्तर नाही, आणि प्रामाणिक धर्मपंडित तसा दावाही करत नाहीत.

शिवाय ज्यांना वाचवलं गेलं त्यांचं काय झालं? येशूने बरे केलेले सगळे पुढे कधी ना कधी वारलेच. चार दिवसांनी कबरेतून उठवलेला लाजरसुद्धा. त्याला तर उठल्याबरोबर नवाच धोका, कारण मुख्य याजकांनी त्यालाही ठार मारायचा बेत केला, असं योहान नोंदवतो. म्हणून ख्रिस्ती विचारात हे सगळे चमत्कार तात्पुरते ठरतात. जो टिकाऊ मानला जातो, तो एकच : येशूचं पुनरुत्थान. तो खरा नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ, असं पौलाने करिंथकरांना स्वतःच लिहून दिलंय. त्याच पत्रात त्याने उठलेल्या येशूला पाहिलेल्यांची यादी दिली : केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक लोक, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही जोडलं. जा, विचारा त्यांना, असाच त्याचा सूर आहे. ह्यूमच्या निबंधातला साक्षीचा प्रश्न लागू करायचा तर इथे करावा. पाचशेपैकी कुणाची वेगळी लेखी साक्ष आपल्याकडे नाही. आहे ते पौलाचं पत्र, त्या घटनेनंतर पंचवीसेक वर्षांच्या आत लिहिलेलं.